वळसा

औलू, डिसेंबर. दुपारी दोनला दिवेलागण.
एन्सिओने दार उघडलं ते हातात टॉर्च घेऊनच.
"सात दिवे आहेत," म्हणाला,
"त्यातले आज किती शुद्धीवर, ते तू सांग."

मुलीने बसवून दिले होते जूनमध्ये,
रात्री अकरालाही खिडकीत ऊन असताना.
तेव्हा सगळे कसे हाकेसरशी ओ देत.
आता फोनवर बोट ठेवलं की
पलंगाजवळचा लागतो,
बाथरूममधला विचार करत बसतो,
आणि पुस्तकांच्या कोपऱ्यातल्या दोघांखाली
करड्या अक्षरांत: उत्तर नाही.

मी नेहमीचं सगळं केलं.
हब बंद, मनात तीस आकडे, हब चालू.
राउटरला अगदी खेटून बसला होता तो,
ओरडणाऱ्याच्या शेजारी बसून कुणाची कुजबुज ऐकणार?
उचलून दोन हात लांब ठेवला.
चॅनल अकरावरून पंचवीसवर.
एक दिवा काढून हबपाशी नेला, नव्याने जोडला.
तीन वेळा डोळे मिचकावून त्याने ओळख दिली,
आणि कोपऱ्यात परत लावताच
जणू आम्ही कधी भेटलोच नव्हतो.

एन्सिओ बर्फफोड्या जहाजावर इंजिनपाशी होता,
एकतीस हिवाळे.
बिघाडाला तो घाईने हात लावत नाही.
त्याने चौकटीची वही पुढे सरकवली:
सोमवार, ८.४०, गेले.
मंगळवार, ८.५५, गेले.
बुधवार, ८.१०. लागलेलेच राहिले, उजेडातच झोपलो.
शनिवार, सौना. नंतर स्वयंपाकघरात कॉफी, बारापर्यंत. गेले नाहीत.

सौना.
मी उठून भिंतीवर टकटक केलं.
घराच्या ऐन मध्यात, हब आणि पुस्तकं यांच्यामध्ये,
लाकडी फळ्या, आणि फळ्यांमागे चारही बाजूंनी
अ‍ॅल्युमिनियमचा कागद.
वाफ अडवायला लावलेला.
वाफ कुठली नि निरोप कुठला, त्याला काय कळणार.
म्हणजे काखेतल्या कळशालाही इथे
गावाला वळसा घालूनच जावं लागतं:
हबकडून स्वयंपाकघरातल्या दिव्याकडे,
त्याच्याकडून कोपऱ्यातल्या दोघांकडे.

"स्वयंपाकघरातला दिवा कोण मालवतं?"

एन्सिओने वहीत पाहिलं. वहीत ते नव्हतं.
आतल्या खोलीतून, सुया न थांबवता, आउने म्हणाली,
"मी. भिंतीवरच्या बटणाने.
रिकाम्या खोलीत दिवा जळत ठेवायचा नसतो.
आमच्याकडे वीज आली तेव्हा मी चौदाची होते."

मी सांगितलं, बटण दाबलं की तो झोपत नाही,
जातो. आणि पलीकडच्या दोघांची वाटही घेऊन जातो.
फोनवरून मालवला तर नुसता अंधारात बसतो,
कान उघडे ठेवून.

सुया थांबल्या.
"म्हणजे उजेड नसतानाही तो कामावर असतो?
याचं त्याला, त्याचं याला?"
"हो."
तिने एकदा एन्सिओकडे पाहिलं,
त्याच्या भिंतीवरच्या जहाजाच्या फोटोकडे पाहिलं,
आणि म्हणाली, "ओळखीचं काम आहे."

बटणावर लावायचं झाकण माझ्याकडे होतं, अठरा युरोंचं.
तिने किंमत ऐकली आणि फ्रीझर उघडला.
डब्यावरची एक चिकटपट्टी सोलून
बटणावर अंगठ्याने दाबून बसवली.
त्या घरात आता स्वयंपाकघराच्या बटणावर लिहिलंय:
लिंगनबेरी, सप्टेंबर.

बाथरूममधला दिवा अजूनही विचार करतो.
त्याचं कारण मला सापडलं नाही, तसं बिलावर लिहून दिलं.

गुरुवारी एन्सिओने वहीच्या पानाचा फोटो पाठवला.
बुधवार, ९.३०, सगळे ओ देतात, एक सोडून.
आणि खाली, वेगळ्या, तिरक्या अक्षरात:
स्वयंपाकघर फोनवरून मालवलं.
मन मानत नाही. दोनदा उठून बघून आले.